शेतावरचें वाहन : जपानी मिनी ट्रक कीं यूटीव्ही?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील व्हरमाँट राज्यांत, डोंगरउतारावर राहणारा एक शेतकरी श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. वय साठीपलीकडे गेलेलें, गुडघे कुरकुरूं लागलेले, आणि जमीन दोन तुकड्यांत विभागलेली. एका तुकड्यावर घर, गोठा व लाकडांची वखार. दुसऱ्यावर मेपल वृक्षांचें रान. आणि दोहोंच्या मध्यें दोन मैलांचा सरकारी रस्ता. हिंवाळा सरत आला, म्हणजे रात्रीं गोठविणारी थंडी व दिवसां कोंवळें ऊन असे दिवस येतात. मेपलच्या खोडांतून गोड रस पाझरूं लागतो, आणि तो नासण्यापूर्वीं घरच्या भट्टीपर्यंत पोंचवावा लागतो. इतकीं वर्षें हें काम एका जुन्या, अवाढव्य पिकअप ट्रकनें केलें. आतां तो ट्रक थकला आहे. तसाच नवा घेण्याची ऐपत नाहीं आणि गरजहि नाहीं. अशा वेळीं त्या शेतकऱ्यापुढें दोन लहान वाहनें उभीं राहतात : जपानहून आयात केलेला जुना मिनी ट्रक, आणि अमेरिकन शेतांवर सर्वत्र दिसणारी, यूटीव्ही या नांवानें ओळखली जाणारी उघडी रानगाडी.

दोहोंचें कूळ वेगळें आहे, आणि निवड करतांना कुळाचा विचार उपयोगी पडतो. मिनी ट्रकचा जन्म जपानी कायद्यांत झाला. दुसऱ्या महायुद्धानें खचलेल्या जपाननें १९४९ सालीं ‘केई’, म्हणजे हलक्या वाहनांचा एक वर्ग ठरवून दिला. आरंभीं इंजिनाची मर्यादा अवघी १५० घन सेंटिमीटर होती. ती वाढत वाढत १९७६ सालीं ५५० व १९९० सालीं ६६० झाली. आज या वर्गांतील वाहनाची लांबी ३.४ मीटर व रुंदी १.४८ मीटर यांच्याबाहेर जातां येत नाहीं, आणि ट्रकवर ३५० किलोंहून अधिक माल लादतां येत नाहीं. या मर्यादा पाळणाऱ्यास करांत सवलत मिळते. सुझुकी कॅरी, दाइहात्सु हायजेट, होंडा ॲक्टी, सुबारू सांबर हे सारे याच घराण्यांतले. महाराष्ट्रांतील घरांनाहि हें घराणें अगदींच परकें नाहीं. १९८४ सालीं आलेली आणि पुढें ओम्नी म्हणून ओळखली गेलेली मारुती व्हॅन ही सुझुकी कॅरीचीच बहीण. आणि २००५ सालीं पुण्यांतून बाहेर पडलेला टाटा एस, ज्याला लोकांनीं ‘छोटा हत्ती’ म्हटलें, तो रक्तानें नव्हे तरी कल्पनेनें याच जातीचा.

यूटीव्हीचा जन्म मात्र रस्त्यासाठीं झालाच नाहीं. कावासाकीनें १९८८ सालीं ‘म्यूल’, म्हणजे खेंचर, या नांवाची गाडी बाजारांत आणली. जॉन डीअरची ‘गेटर’ १९९२ सालीं आली. नांवांतच हेतु स्पष्ट आहे. दोघांतिघांनीं शेजारीं शेजारीं बसावें, मागच्या हौद्यांत अवजारें टाकावीं, आणि जेथें वाट नाहीं तेथून जावें. रुंद व कमी हवेचीं चाकें, जमिनीपासून उंच उचललेलें पोट, खालींवर भरपूर हलणारीं स्प्रिंगें आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, असा तिचा थाट असतो.

आतां काम पाहावें. ४० गॅलन रस आटवावा, तेव्हां सुमारें एक गॅलन पाक हातीं येतो. मिनी ट्रकच्या ३५० किलोंच्या मर्यादेंत टाकीचें वजन धरून रसाच्या ऐंशीं-पंचाऐंशीं गॅलनांपलीकडे मजल जात नाहीं. म्हणजे एका खेपेंत जेमतेम दोन गॅलन पाकाची बेगमी. मोठ्या यूटीव्हीची क्षमता याच्याच आसपास, कांहींची अधिकहि असते. तेव्हां नुसत्या वजनाच्या हिशेबानें मिनी ट्रकची सरशी होत नाहीं. त्याची सरशी होते ती हौद्याच्या सोयीमुळें. मिनी ट्रकचा हौदा सुमारें दोन मीटर लांब व सपाट असतो, आणि त्याचे तिन्ही बाजूंचे फाळके खालीं पडतात. गवताचे भारे, कुंपणाचे खांब, सरपणाच्या ढलप्या बाजूनें सरळ चढवितां व उतरवितां येतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही सोय लहान नव्हे. यूटीव्हीचा हौदा आखूड असतो. उलट पुष्कळ यूटीव्हींचा हौदा मागें कलता होतो, त्यामुळें माती किंवा शेणखत ओतावयाचें असल्यास फावडें मारावें लागत नाहीं.

हवामानाचाहि विचार हवा. मिनी ट्रकला बंद केबिन, काच पुसणारे वायपर आणि इंजिनाच्या उष्णतेवर चालणारा हीटर जन्मतःच मिळतो. यूटीव्हीला दारें, काच व हीटर बसवितां येतात. पण बहुधा त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात. किंमतीचेंहि असेंच. आयात केलेला जुना मिनी ट्रक साधारणतः पांच ते दहा हजार डॉलरांत मिळतो. बंद केबिनची मोठी नवी यूटीव्ही वीस हजारांच्या पुढें सहज जाते.

पण जमीन हीहि एक पक्षकार आहे. वसंताच्या आरंभीं व्हरमाँटमधील कच्च्या वाटा चिखलानें भरून जातात. चारहि चाकांना जोर देणारा मिनी ट्रक हलका असल्यानें अशा चिखलांतून आश्चर्य वाटावें इतका निभावतो. तथापि त्याचीं चाकें लहान आणि पोट खालीं; मोठा धोंडा किंवा आडवें पडलेलें खोड समोर आलें, कीं तो थबकतो. यूटीव्ही तेथून सहज पार होते. मात्र तिच्या इंजिनाची शक्ति बहुधा रबरी पट्ट्यावाटे चाकांना पोंचते. जड ओझें घेऊन मंद गतीनें चढ चढत राहिल्यास तो पट्टा तापतो, झिजतो व शेवटीं बदलावा लागतो. मिनी ट्रकचा साधा हातगिअर अशा कामीं अधिक सोशिक असतो.

सर्वांत बिकट प्रश्न कायद्याचा आहे. अमेरिकन सुरक्षेच्या नियमांस धरून न बनविलेलें परदेशी वाहन आयात करावयाचें, तर तें तयार होऊन २५ वर्षें लोटलेलीं असावीं लागतात; शेजारच्या कॅनडांत हीच अट १५ वर्षांची आहे. म्हणजे व्हरमाँटच्या शेतकऱ्यानें रस्त्याच्या आशेनें घ्यावयाचा मिनी ट्रक हा पाव शतक वापरलेला असणार. त्याच्या तळाशीं गंज आहे कीं काय, हें वाकून पाहावें लागेल. सुटे भाग कित्येकदां जपानहून मागवावे लागतील. आणि सुकाणूचक्र उजवीकडे असल्यानें, उजव्या बाजूनें वाहतुक चालणाऱ्या देशांत पुढच्या वाहनाला ओलांडतांना समोरचें दिसणार नाहीं. त्यांतच मालवाहू मोटारींवरील २५ टक्के जकात. हिचा उगम मोठा विनोदी आहे. युरोपनें अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढविला, म्हणून अमेरिकेनें उलट टोला देण्यासाठीं १९६४ पासून ही जकात बसविली. कोंबड्यांचें भांडण मिटलें, जकात मात्र राहिली.

देशांत येण्याची परवानगी मिळाली, म्हणजे रस्त्यावर धांवण्याचीहि मिळाली, असें नाहीं. नोंदणी हें प्रत्येक राज्याचें स्वतंत्र खातें. कांहीं राज्यांनीं एकदां दिलेली नोंदणी पुढें परत घेतली, आणि हजारों डॉलर खर्चून घेतलेलीं वाहनें मालकांच्या अंगणांत अडकून पडलीं. टेक्सास राज्यांत मालकांनीं चिकाटीनें दाद मागितल्यावर २०२४ सालीं नोंदणीची वाट मोकळी झाली. यूटीव्हीचीहि स्थिति राज्याराज्यांत वेगळी. कोठें गांवरस्त्यावर मुभा, कोठें केवळ रस्ता ओलांडण्यापुरती. शिवाय तिचीं रुंद, मऊ चाकें डांबरी रस्त्यासाठीं नसतातच. वेगानें वळतांना तीं दगा देऊं शकतात.

येथेंच जिवाचा प्रश्न येतो, आणि त्यांत कोणतेंहि वाहन निर्दोष नाहीं. मिनी ट्रकमध्यें चालकाचे गुडघे आणि समोरचा पत्रा यांत वीतभर अंतर. जुन्या ओम्नीच्या पुढच्या आसनावर बसलेल्यांस याची कल्पना सहज येईल. दोनतीन टनांच्या अमेरिकन मोटारींच्या गर्दींत त्यानें मोठ्या महामार्गावर जाणें म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणें होय. यूटीव्हीचा धोका उलटण्याचा. गाडी कलंडूं लागली, कीं माणूस नकळत हात बाहेर टेकूं पाहतो, आणि नेमका तोच हात पिंजऱ्याखालीं सांपडतो. पट्टा बांधला, शिरस्त्राण घातलें आणि हातपाय आंत ठेवले, तरच तो पिंजरा रक्षण करतो. सोळा वर्षांखालील मुलाच्या हातीं ती देऊं नये, असें बनविणारेच बजावतात; सुटींत आलेल्या नातवाचा हट्ट पुरवितांना आजोबांनीं हें विसरतां कामा नये.

तर मग त्या शेतकऱ्यानें काय करावें? दलालाच्या अंगणांत जाण्यापूर्वीं त्यानें राज्याच्या नोंदणी कचेरींत जावें, आणि त्या दोन मैलांविषयीं स्पष्ट व लेखी उत्तर मिळवावें. त्याची सारी निवड त्या दोन मैलांवर टेकली आहे. मिनी ट्रकला रस्ता मोकळा असेल, आणि रानांतील वाट धोंड्यांवाचून असेल, तर मिनी ट्रकच त्याचा खरा सोबती. वाचलेल्या पैशांतून गंजाची व सुट्या भागांची तरतूद आधींच काढून ठेवावी म्हणजे झालें. रस्ता बंद असेल, किंवा मेपलच्या रानांत चढ-उतार व ओढे फार असतील, तर यूटीव्ही घ्यावी, ती रानांतच ठेवावी, आणि रसाची टाकी रस्त्यानें नेण्यासाठीं शेजाऱ्याच्या ट्रकशीं मजुरीचा करार करावा. दोन्ही वाहनें परवडतील अशी त्याची स्थिति नाहीं. आणि एकाच वाहनानें दोन्ही कामें करावीं, असा हट्ट धरला, तर तें एखाद्या संध्याकाळीं रसानें भरलेल्या टाकीसकट उतारावर अडकून बसेल.

बैल घेतांना जाणता कुणबी आधीं त्याचे खूर पाहतो आणि मग आपली जमीन पाहतो. व्हरमाँटच्या त्या डोंगरावर खुरांच्या जागीं चाकें आलीं आहेत, इतकाच काय तो फरक. पाहावयाची रीत तीच आहे, आणि घाई करणाऱ्याचें नुकसानहि तेंच.