हास्य आणि हत्या

खुनाच्या गोष्टींत हंसावें कीं न हंसावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं हास्य आणि करुण हे रस परस्परविरोधी मानले आहेत; भयानकाशींही हास्याचें जमत नाहीं, असें ते सांगतात. ज्या घरांत प्रेत पडलें आहे तेथें विनोद शोभत नाहीं, हा तर व्यवहारांतलाही शिष्टाचार. असें असतां, चार माणसांच्या मृत्यूवर विनोदाची इमारत उभारणारी एक कथा लोक आवडीनें पाहतात, आणि त्यांतले जे अत्यंत निष्ठावंत ते ती पुनःपुन्हां पाहतात. या आवडीचें मर्म काय असावें?

ही कथा म्हणजे 'डॉक्टर हू' या इंग्रजी मालिकेचा एक भाग. बी. बी. सी.नें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ही वैज्ञानिक अद्भुतकथांची मालिका टेलिव्हिजनवर सुरू केली. १९८९ मध्यें ती थांबली आणि २००५ मध्यें पुनः अवतरली. तिचा नायक 'डॉक्टर' परग्रहावरचा रहिवासी. पोलिसांच्या निळ्या पेटीसारख्या दिसणाऱ्या यंत्रांत बसून तो स्थळकाळाच्या सीमा ओलांडतो. मालिकेच्या भक्तांस ग्रहांचे संहार आणि यंत्रदैत्यांच्या स्वाऱ्या पाहण्याची संवय. अशा प्रेक्षकांपुढें १७ मे २००८ रोजीं 'द युनिकॉर्न अँड द वास्प', म्हणजे 'एकशिंगी आणि गांधीलमाशी', हा गॅरेथ रॉबर्ट्स यांनीं लिहिलेला भाग आला. डॉक्टरच्या भूमिकेंत डेव्हिड टेनंट, त्याची मैत्रीण डॉना हिच्या भूमिकेंत कॅथरीन टेट.

काळ १९२६ चा. इंग्लंडांतील एका सरदारी वाड्याच्या हिरवळीवर मेजवानी चालू आहे. पाहुण्यांत पाद्री आहे, कर्नल आहे, तरुण मंडळी आहेत, आणि प्रत्यक्ष रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती आहे. इतक्यांत वाड्याच्या ग्रंथालयांत प्रोफेसर पीच शिशाच्या नळीच्या आघातानें मरून पडतो. येथवर सर्व परिचित. परंतु डॉना भिंगांतून पुरावा शोधीत असतां खिडकीबाहेर दिसते ती माणसाहून मोठी गांधीलमाशी!

येथें भक्तांचे दोन पक्ष पडतात. गंभीर पक्ष म्हणतो, मालिकेचा येथें फार्स झाला. मृत्यु म्हणजे खेळ, संशयित म्हणजे सोंगट्या, आणि विश्वाचा त्राता येथें केवळ विदूषक. दुसरा पक्ष हंसून हंसून बेजार होतो, आणि त्याला कारणेंही भरपूर आहेत. ख्रिस्तीबाईंच्या पुस्तकांचीं नांवें संवादांत जागोजाग लपविलेलीं आहेत. 'टेकन ॲट द फ्लड' हें पुस्तक १९४८ चें आणि 'क्रूकेड हाउस' १९४९ चें. पण १९२६ मधलीं हीं पात्रें तीं नांवें सहज बोलून जातात. विषप्रयोग होतो तो खुद्द डॉक्टरवर. पेयांतलें सायनाइड पोटांत गेल्यावर तो स्वयंपाकघरांत धांवतो. जिंजर बिअर, अक्रोड आणि खारवलेली मासळी तोंडांत कोंबून, बोलतां येत नाहीं म्हणून खुणा करूं लागतो, आणि डॉना त्या खुणांचे भलभलते अर्थ लावीत सुटते. शेवटीं 'धक्का पाहिजे' एवढें तिला उमजतें, आणि ती त्याचें चुंबनच घेते! कर्नलसाहेबांची गंमत आणखी निराळी. सर्वांसमक्ष चौकशी चालू असतां डॉक्टर त्यांच्याकडे वळतांच ते चाकांच्या खुर्चींतून ताडकन् उठून आपलें सोंग कबूल करितात. डॉक्टर मात्र 'आपण निर्दोष आहांत' एवढेंच सांगणार होता!

या हास्याच्या आड काय आहे, तें पाहिलें म्हणजे गंभीर पक्षाचा आक्षेप निम्मा गळून पडतो. कर्नलनें पांगळेपणाचें सोंग घेतलें तें पत्नी सोडून जाईल या भीतीनें. ख्रिस्तीबाईंचें तर सोंग नव्हे, खरेंच दुःख. १९२६ च्या एप्रिलांत त्यांच्या मातोश्री वारल्या; ऑगस्टांत पतीनें अन्य स्त्रीवरील प्रेमाची कबुली देऊन घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्रीं बाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशीं सरे परगण्यांत रिकामी मोटार सांपडली. देशभर शोध झाला, आणि १४ डिसेंबरला हॅरोगेट येथील एका हॉटेलांत त्यांचा पत्ता लागला. तेथें त्यांनीं आपलें आडनांव 'नील' लिहविलें होतें. तें पतीच्या प्रेयसीचें आडनांव! या अकरा दिवसांविषयीं त्यांच्या आत्मचरित्रांत अक्षर नाहीं. या मौनाच्या जागीं कथाकारानें आपली गांधीलमाशी बसविली आहे. घटना डिसेंबरांतली आणि मेजवानी मात्र उन्हांतल्या हिरवळीवर, हा दोष चाणाक्ष प्रेक्षक काढतोच. पण वाड्यांतली अगाथा खिन्न बसते, तेव्हां तो दोष त्याला आठवत नाहीं. डॉना तिचें सांत्वन करिते: मलाही एकानें फसविलें, लग्न ठरलें होतें, आणि तो निघाला एका राक्षसी कोळिणीचा हस्तक! मालिकेच्या जुन्या प्रेक्षकांस ही गोष्ट अक्षरशः खरी असल्याचें ठाऊक असतें. ते हंसतात, पण दोन फसविलेल्या स्त्रिया तेथें एकमेकींजवळ बसलेल्या असतात, हेंही त्यांना दिसतें. विरोधी रसांपैकीं एकास प्रधान आणि दुसऱ्यास त्याचें अंग करावें, म्हणजे विरोध मिटतो, अशी आनंदवर्धनांची व्यवस्था आहे. त्या प्रसंगीं हास्य हें करुणाचें अंग झालेलें असतें.

खुन्याची कल्पनाही नुसती हंसण्यासारखी नाहीं. वाड्याची मालकीण लेडी एडिसन तरुणपणीं हिंदुस्थानांत असतां, १८८५ मध्यें, मनुष्यरूप घेतलेल्या एका परग्रहवासीयावर तिचें प्रेम जडलें. यमुनेच्या पुरांत तो गेला. मागें राहिलें एक रत्न आणि पोटांतलें मूल. लोकलज्जेस्तव तें मूल अनाथालयांत गेलें, आणि पुढें पाद्री गोलाइटली झालें. चाळीस वर्षांनीं क्रोधाच्या एका क्षणीं त्याच्यांतील मूळ प्राणी जागा झाला. त्याच रात्रीं आई ख्रिस्तीबाईंचें पुस्तक वाचीत होती. रत्नाच्या योगें तें वाचन त्याच्या मनांत उतरलें, आणि जगाची रीत अशीच असते, असें समजून तो खून करीत सुटला. म्हणजे खुनी कोण, तर कथेलाच जग समजणारा वाचक! निष्ठावंत प्रेक्षकापुढें धरलेला हा आरसाच म्हणावयाचा. पीचचा खून पाहून जो हंसूं शकतो, त्याला हा खेळ आहे हें ठाऊक असतें; गोलाइटलीला तें ठाऊक नसतें.

तथापि खेळ म्हटला तरी त्यालाही एक नियम आहे. मेलेल्या माणसाची नोंद कथेनें ठेविली पाहिजे. घरचा मुलगा रॉजर जेवणाच्या मेजावर मारला जातो. त्याचें आणि हुजऱ्या डॅव्हेनपोर्टचें परस्परांवर प्रेम होतें; पण त्या काळीं त्या बिचाऱ्याला उघड रडण्याचीही सोय नाहीं, हें डॉनाच्या ध्यानांत येतें आणि ती तसें बोलून दाखविते. डॉक्टर तपासाच्या भरांत रंगून गेला म्हणजे अगाथा त्यालाही फटकारते. या दोन स्त्रियांमुळें कथेची लाज राहते.

एका मृत्यूची नोंद मात्र अपुरी राहिली. मिस चंद्रकला ही लेडी एडिसनची हिंदी घरकारभारीण. बाई मलेरियाच्या निमित्तानें सहा महिने खोलींत कोंडून राहिली, तेव्हां तेथें प्रवेश होता तो हिलाच. चाळीस वर्षें तिनें तें गुपित जपलें. छपरावरची दगडी मूर्ति अंगावर कोसळून ती मरते, आणि मरतांना तिच्या तोंडीं शब्द येतात ते त्या बिचाऱ्या लेंकराविषयींचे. त्या शब्दांचा उपयोग तपासाला होतो. तिच्यासाठीं मात्र कोणी क्षणभर थांबत नाहीं. लेडी एडिसनचें काम करणाऱ्या फेलिसिटी केंडल यांचें बालपण खरोखरीच हिंदुस्थानांत, आईबापांच्या शेक्सपिअर नाटक मंडळीबरोबर गांवोगांव फिरण्यांत गेलें. मुंबईच्या जुहूंतील पृथ्वी थिएटर १९७८ मध्यें उभें करणाऱ्या जेनिफर कपूर या त्यांच्या थोरल्या भगिनी. त्या मालकिणीच्या मुखांतून जुन्या दासीसाठीं दोन शब्द आले असते, तर ते किती शोभले असते! हिंदी प्रेक्षकाचें हंसूं येथें थबकतें, आणि तें थबकावें हेंच उचित.

शेवटीं डॉना तें रत्न तळ्यांत फेंकते; गांधीलमाशी त्यामागून पाण्यांत जाते आणि बुडते. रत्नामुळें अगाथेचा प्राणही तिच्याशीं जोडला गेलेला असतो. पण मरतां मरतां ती अगाथेला मुक्त करिते. अगाथेची स्मृति जाते, आणि डॉक्टर तिला हॅरोगेटला पोंचवितो. आपलें लेखन हलकेंसलकें, तें टिकणार नाहीं, असें ही लेखिका कथेंत म्हणालेली असते. डॉक्टर आपल्या पेटींतून एक पुस्तक काढून डॉनाला दाखवितो: 'डेथ इन द क्लाउड्स', वेष्टनावर प्रचंड गांधीलमाशी, आणि छपाईचें वर्ष पांच अब्ज!

ही अतिशयोक्ति खरी. पण १९७६ मध्यें ख्रिस्तीबाई वारल्या आणि त्यांचीं पुस्तकें आजही वाचलीं जातात, हें तितकेंच खरें. डॉक्टरनें पेटी बंद केल्यावर मालिकेचा भक्त हंसत उठतो. त्यानें जातां जातां चंद्रकलेचेंही नांव घेतलें, म्हणजे हिशेब पुरा होईल.