बेरीज जुळली, पण...

रायपुरात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी घरे आहेत. तात्यापाऱ्यातले माझे एक स्नेही त्यांतलेच. कागद, फायली, शाई असा कचेऱ्यांना लागणारा जिन्नस ते विकतात. २००० साली छत्तीसगड राज्य झाले, पुढे जुन्या शहराबाहेर नवा रायपुर उभा राहिला, आणि त्यांची बरीचशी गिऱ्हाइके तिकडे गेली.

तिथल्या एका कचेरीकडे त्यांची सात बिले थकली होती : ९८०, १,३४५, १,४५०, १,८५०, २,२१०, २,६७० आणि ३,१५५ रुपयांची. एके दिवशी बँकेत ५,००५ रुपये जमा झाले. कोणत्या बिलांपोटी, याचा खुलासा नव्हता. दुकानातला हिशेबनीस मुलगा तरतरीत. त्याने १,८५० आणि ३,१५५ ही जोडी शोधून काढली, बेरीज ताडून पाहिली आणि दोन्ही बिलांवर ‘पावले’ असा शेरा मारला. पुढे उरलेल्या पाचांचा तगादा गेला, तेव्हा कचेरीचे उत्तर आले की, यांतली तीन तर केव्हाच चुकती झाली. दिलेले पैसे पुन्हा कसे मागता? वस्तुतः ती रक्कम १,३४५, १,४५० आणि २,२१० यांची होती. त्यांचीही बेरीज ५,००५च!

मुलाला चारचौघांत बोल लागला. “काका, बेरीज तर बरोबर होती ना?” असे त्याने मला विचारले, तेव्हा त्याचा गळा दाटून आला होता. बेरीज बरोबरच होती. एक उत्तर सापडताच त्याने शोध थांबवला, एवढेच.

हा फास फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तील अखेरच्या प्रकरणाचे नावच अंकपाश. त्यात ते विचारतात : संख्या पाच स्थानांची, शून्य कोठेही नाही, अंकांची बेरीज तेरा, तर अशा संख्या किती? त्यांनी रीत दिली आहे. ती उमगावी म्हणून मी काड्या घेतो. तेरा काड्या ओळीने मांडा. त्यांच्यामध्ये बारा फटी राहतात. त्यांतल्या कोणत्याही चार फटींत रेघ ओढली की काड्यांचे पाच गट पडतात, आणि प्रत्येक गटातल्या काड्या मोजून लिहिल्या की एक संख्या तयार होते. मग १२, ११, १०, ९ यांच्या गुणाकाराला १, २, ३, ४ यांच्या गुणाकाराने भागावे. म्हणजे ११,८८० भागिले २४. उत्तर ४९५. आचार्यांनी तेराच का घेतले, तेही पाहण्याजोगे आहे. चौदा घेतले असते, तर एखाद्या गटात दहा काड्या पडल्या असत्या, आणि दहा हा काही एक अंक नव्हे.

येथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन यांपैकी काहीच विचारलेले नाही, तरी गर्विष्ठ गणक या पाशात पडल्यावाचून राहणार नाहीत, असेही आचार्य मिश्किलपणे म्हणतात. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तिथल्या विद्यार्थ्यांचेही पाय या पाशात अडकले असतील.

आमच्या बिलांचे गणित याच जातीचे, फक्त अधिक आडमुठे. प्रत्येक बिल बेरजेत धरावे किंवा सोडावे. म्हणून सात बिलांचे १२७ गट होतात. वीस बिले असली तर दहा लाखांहून अधिक, आणि तीस असली तर १०७ कोटींहून अधिक! रकमा लहान असल्या तर संगणक हे काम लीलया करतो. परंतु कितीही मोठ्या रकमांना हमखास आणि झटपट लागू पडेल अशी रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली अशा एकवीस बिकट प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली, तीत हाही आहे.

एका संध्याकाळी मी आणि तो मुलगा ते १२७ गट तपासायला बसलो. ५,००५ देणारे गट दोनच निघाले. मग बिलांच्या तारखा पाहिल्या. कचेरीने चुकती केलेली तिन्ही बिले सर्वांत जुनी होती! ती तारीख प्रत्येक बिलावर पहिल्या दिवसापासून होती. आम्ही आकड्यांतच गुंतलो होतो. मुलाने तांबड्या शाईने दोन शेरे खोडले आणि तीन नवे मारले. आता माझ्या स्नेह्यांच्या प्रत्येक बिलाखाली एक ओळ छापलेली असते : पैसे पाठवताना बिलाचा क्रमांक कळवावा.