डोकं दुखतंय, स्कॅन करायचा का?

गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं वाचली जातात. बियाणं, शाळेची फी यांच्या जोडीला हल्ली आणखी एक कारण ऐकू येतं, डोक्याचा स्कॅन. काही हजारांचा खर्च, वर गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. म्हणून आज आपण बोलूया, डोकेदुखीत स्कॅन कधी लागतो आणि कधी लागत नाही.

बहुतेकींची डोकेदुखी दोनपैकी एका प्रकारची असते. पहिली ताणाची. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं, पण कामं करता येतात. दुसरी अर्धशिशी. बहुधा एका बाजूला ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसत नाही. पाळीच्या आसपास, उपास घडला, झोप मोडली, उन्हात राबलं की ती उठते. डॉक्टरांच्या तपासणीत बाकी सगळं ठीक असेल, तर या दोन्हींत स्कॅन बहुधा साफ येतो. स्कॅनमध्ये रक्तस्राव, गाठ, सूज दिसते. वेदना दिसत नाही. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहे, ही उगाच कण्हते," असं घरात कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. अर्धशिशी खरी असते आणि तिच्यावर औषधं आहेत.

आता धोक्याच्या खुणा. या वहीत लिहून ठेवा.

डोकं एकाएकी, मिनिटभरात, आयुष्यात कधी नव्हतं इतकं जोरात दुखू लागलं. तापासोबत मान आखडली किंवा गुंगी आली. तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं किंवा फिट आली. डोक्याला मार लागला आणि नंतर उलट्या किंवा गुंगी सुरू झाली. यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. लगेच 108 ला फोन करा.

गरोदर बाई आणि बाळंतीण यांचं तर विशेष सांगायचं आहे. बाळंतिणीचं डोकं दुखलं की "वारं लागलं असेल" म्हणून कानाला फडकं बांधतात. पण पाचव्या महिन्यानंतर आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत जोराची डोकेदुखी बीपी वाढल्यानेही होते. डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज असेल तर त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासून घ्या. पुढे फिट येऊ शकते, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.

काही खुणांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. दिवसेंदिवस वाढत जाणारी. खोकताना किंवा आडवं पडल्यावर वाढणारी, सकाळी उलटी आणणारी. कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्या बाईला नव्याने सुरू झालेली.

सिटी स्कॅन काही मिनिटांत होतो आणि ताजा रक्तस्राव चांगला दाखवतो, पण त्यात क्ष-किरण असतात. गरोदर असाल तर आधी सांगा. एमआरआयला वेळ जास्त लागतो. त्यात मोठं चुंबक असतं, म्हणून अंगात धातूची पट्टी किंवा यंत्र बसवलेलं असेल तर ते सांगा.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका: "या स्कॅनमध्ये काय शोधायचं आहे? त्यानं उपचार बदलणार का?" कारण कळलं की खर्चाचा निर्णय सोपा होतो. आणि धोक्याची खूण असेल तर खर्चापायी स्कॅन टाळू नका.

शेवटी गोळ्यांबद्दल. महिन्यातले दहा-पंधरा दिवस दुकानातून वेदनाशामक गोळी घ्यावी लागत असेल, तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढत असेल. महिनाभर तारीख, किती वेळ दुखलं, पाळी, झोप आणि गोळी लिहून काढा. ती वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होईल.