हिऱ्यातली खोट, पण कामाची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एमआरआय हा शब्द आता घराघरात पोहोचला आहे. गुडघा किंवा मणका दुखू लागला की त्याची आठवण होते. या यंत्राचे थोरले भावंड मात्र रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते. त्याचे नाव एनएमआर, म्हणजेच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. एमआरआय शरीराचे चित्र काढतो, तर एनएमआर रेणूची बांधणी सांगतो. नव्या औषधाचा हवा तोच रेणू तयार झाला की नाही, याची खात्री रसायनतज्ज्ञ याच यंत्रावर करून घेतात.

हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक चिमुकला चुंबकच. चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ते भोवऱ्यासारखे ठरावीक वेगाने डोलते. शेजारी कोणते अणू आहेत, त्याप्रमाणे हा वेग किंचित बदलतो. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोल तपासले, तेव्हा हायड्रोजनच्या एका खुणेऐवजी तीन खुणा मिळाल्या, त्याही ३:२:१ या प्रमाणात. अल्कोहोलच्या रेणूतले सहा हायड्रोजन नेमके असेच तीन गटांत वाटलेले असतात! यांतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या विद्येचा पाया घातला.

एवढ्या गुणी यंत्राची अडचण एकच. त्याला नमुना भरपूर लागतो. नेहमीच्या तापमानाला, १ टेस्लाच्या चुंबकातही, दहा लाख केंद्रकांमागे जेमतेम तीन-चार एका बाजूला जास्त झुकतात. बाकीची एकमेकांना निष्प्रभ करतात. म्हणून द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेले अवजड चुंबक वापरायचे आणि वर सुमारे अर्धा मिलिलिटर द्रावण नळीत भरायचे. पण तपासायची असेल एकच पेशी, किंवा महिनोन्‌महिने खपून मिळालेला प्रथिनाचा कण, तर काय करायचे?

कुजबुज ऐकायची तर कान जवळ न्यावा लागतो. असा कान सापडला हिऱ्यात. हिऱ्यातल्या कार्बनच्या जाळीत एका जागी नायट्रोजनचा अणू बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर जाळीत एक दोष तयार होतो. जवाहिऱ्याच्या लेखी ही खोटच. पण तिच्यावर हिरवा लेसर टाकला की तांबडा प्रकाश बाहेर पडतो आणि तिथल्या इलेक्ट्रॉनांची चुंबकीय स्थिती बदलली की तो मंद होतो. म्हणजे चुंबकत्व चक्क उजेडावरून मोजता येते, तेही नेहमीच्या तापमानाला.

२०१३ साली जर्मनीतील श्टुटगार्ट आणि कॅलिफोर्नियातील आयबीएम येथील दोन गटांनी या दोषाकडून हायड्रोजनच्या केंद्रकांचा संकेत टिपला. श्टुटगार्टच्या प्रयोगात हा दोष पृष्ठभागाच्या खाली फक्त सुमारे ७ नॅनोमीटरवर होता आणि त्याच्या टप्प्यात सुमारे दहा हजार केंद्रके होती. आता मघाचा हिशेब लावा. दहा हजारांत एकसुद्धा जास्तीचे केंद्रक वाट्याला येत नाही! मग संकेत आला कुठून? नाणे दहा हजार वेळा उडवले तर छापा नेमका पाच हजार वेळा पडत नाही. पन्नासएक इकडेतिकडे होतात. केंद्रकांचेही तसेच. गर्दीत नगण्य ठरणारा हा योगायोग लहान जागेत वरचढ ठरतो. लहानपणाचा हा फायदा पुरेपूर घेतला गेला.

पण त्यात मेख होती. द्रवातले रेणू त्या इवल्या टप्प्यातून झटकन निघून जातात. त्यामुळे आवाज ऐकू येई, शब्द मात्र कळत नसत; आणि शब्द कळल्याशिवाय रेणूची बांधणी कशी समजणार? २०१८ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी असे असंख्य दोष एकत्र वापरले आणि मोजणी अचूक घड्याळाला बांधली. नमुना होता सुमारे १० पिकोलिटर, म्हणजे नेहमीच्या नळीतल्या द्रावणाचा पाच कोटींवा हिस्सा. तेवढ्यातही सुमारे १ हर्ट्‌झ इतका बारीक फरक कळला आणि रेणूंच्या खुणा सुट्या वाचता आल्या.

म्हणून जुनी यंत्रे लगेच मोडीत निघतील असे समजू नका. हे यश दाट द्रवांवरचे आहे. पेशीतले बहुतेक पदार्थ फार विरळ असतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला ही पद्धत अजून कितीतरी संवेदनशील व्हायला हवी. केंद्रके आधीच एका दिशेला वळवून घेण्याच्या युक्त्या त्यासाठी चालू आहेत.

२०२३ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिच्यातले क्वांटम संवेदकांचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे आणि हिऱ्यातल्या या दोषांवर तिथे संशोधन होते. धर्मट्टींनी ज्या मुंबईत ही विद्या रुजवली, तिथेच तिचे हे नवे रोप वाढते आहे. उद्या एखाद्या रुग्णाच्या मोजक्या पेशींवरून रोगाची रासायनिक ओळख पटली, तर त्याचे श्रेय जवाहिऱ्याने खोट म्हणून बाजूला सारलेल्या एका रिकाम्या जागेलाही द्यावे लागेल.