कोकराचं जावळ, बाळाची कुंची
(आकाशवाणीवरून शेतकरी कुटुंबांसाठी झालेले भाषण)



आज खताच्या हप्त्याविषयी किंवा बियाण्याच्या वाणाविषयी बोलणार नाही. घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या, म्हणजे पाळण्यातल्या आणि रांगत्या बाळाच्या कपड्यांविषयी बोलायचे आहे. विषय बायकांचा दिसतो म्हणून बंधूंनी उठून जाऊ नये. मेंढ्यांची कातरणी तुमच्या हातात असते, आणि हे काम निम्मं कातरणीतच ठरतं.

दिवाळी झाली की माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या आपल्या भागात दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे हात बधिर होतात. गव्हाला, कांद्याला रात्रीची पाण्याची पाळी असते. आई शेतात, म्हणून अंगावर पिणारं बाळही शेतात. झाडाला झोळी बांधायची आणि जवळ शेकोटी पेटवायची. बाळाच्या अंगात काय असतं? आठवडे बाजारातून आणलेला चकचकीत नायलॉनचा झगा, नाहीतर लोकरीसारखा दिसणारा ॲक्रिलिकचा स्वेटर. दिसायला लोकर, पण तो प्लास्टिकच्या जातीचा धागा. त्याला जाळ लागला की तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. आमच्या वस्तीवरच्या एका पोरीच्या दंडावर असा चिकटलेला झगा मी डोळ्यांनी बघितला आहे. पोर आता लग्नाची झाली, खूण आहे तशीच आहे. असा प्रसंग आलाच तर भाजल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा, अंगाला चिकटलेलं कापड ओढू नका, शाई, टूथपेस्ट, तूप काही लावू नका, आणि दवाखाना गाठा.

खरी लोकर सहजी पेट घेत नाही. जाळ लागला तर करपते, आणि जाळ बाजूला झाला की बहुधा आपोआप विझते. बाजारात घेताना पारख करायची असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली, तर लोकर. टोकाला टणक मणी धरला, तर तो प्लास्टिकचा धागा.

आता आपल्या दारातली गोष्ट बघा. दख्खनी मेंढी वर्षाकाठी साधारण अर्धा ते पाऊण किलो लोकर देते. पण कित्येक ठिकाणी कातरणावळ लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते. म्हणून कातरलेली लोकर ओढ्यात टाकतात, नाहीतर पेटवून देतात. पुष्कळ जणांनी तर मटणासाठी माडग्याळ जातीची मेंढी धरली, तिच्या अंगावर लोकर नावालाच. त्यात त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही, भाव जिकडे तिकडे शेतकरी. पण ज्यांच्या कळपात अजून काळी दख्खनी मेंढी आहे त्यांनी लोकर फेकायची आणि पैसे मोजून नायलॉन आणायचं, हे काही मनाला पटत नाही.

मात्र कुठलीही लोकर बाळाला चालत नाही. दख्खनी लोकर जाड, राठ. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ सालापासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. लोकरीची प्रतवारी करणारे लोक आपली लोकर सतरंजी-गालिच्याच्या प्रतीत धरतात, अंगावरच्या कपड्याच्या नव्हे. तंतू ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाला की तो कातडीला टोचतो, आणि आपल्या मेंढीच्या लोकरीत असे तंतू भरपूर. म्हणून मी सांगते ते जावळाचं. कोकरू सहा महिन्यांचं झालं की त्याची पहिली कातरणी होते, ती लोकर म्हणजे जावळ. जावळाचं घोंगडं मऊ, म्हणून ते किमतीचं, हे धनगराला आणि सणगराला सांगावं लागत नाही. तेव्हा बंधूंनो, कातरणीच्या दिवशी एवढं करा. जावळ वेगळ्या पिशवीत ठेवा. मोठ्या मेंढीची लोकर घ्यायचीच झाली तर खांद्याची घ्या, मांडीची आणि पोटाखालची नको. गोचिडाचं औषध मारून थोडेच दिवस झालेल्या जनावराची लोकर बाळासाठी घेऊ नका, औषध लोकरीत राहतं. आणि मेलेल्या मेंढीची लोकर तर मुळीच नको. फाशी रोगाचे, म्हणजे काळपुळीचे जंतू लोकरीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

कुसळं आणि गोखरू हातानं वेचा. मग लोकर कोमट पाण्यात तासभर भिजत घाला, आणि मळ सुटला की दोन वेळा कोमट साबणपाण्यातून काढा. चोळायची नाही, पिळायची नाही, नुसती दाबायची. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर तिथंच जमते, मग पिंजता येत नाही. सावलीत वाळवून हातानं मोकळी करा किंवा पिंजाऱ्याकडून पिंजून आणा.

इतकं केल्यावरही लोकर बाळाच्या उघड्या अंगाला लागू द्यायची नाही. आत सुती, बाहेर लोकर. आतल्या झबल्याला आजीचं जुनं लुगडं किंवा आजोबांचं धोतर यासारखं कापड नाही. आपल्याकडे पहिले दिवस बाळाला जुनेरं घालतात, त्यात शहाणपण आहे. नव्या कापडात खळ आणि रंगाचा अंश असतो, जुनं कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. नवंच कापड असेल तर शिवण्याआधी दोनदा धुवा, म्हणजे आटायचं तेही आधीच आटेल.

झबल्याचं माप घेताना एक गोष्ट विसरली जाते. लहान बाळाचं डोकं छातीएवढंच असतं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर, सहा महिन्यांत तो ४३ च्या घरात जातो. म्हणून डोक्यातून ओढून घालायचं झबलं बाळाला नकोसं होतं. समोरून उघडं, अंगरख्यासारखं एकावर एक येणारं शिवा. सहा महिन्यांच्या बाळाला मागचा भाग ३० सेंटिमीटर रुंद आणि ३५ लांब पुरतो, पुढचे दोन भाग त्याहून प्रत्येकी बोटभर जास्त अंगावर येतील असे. काखेत चौबगला घातलात तर हात वर करताना ओढ बसत नाही आणि तेच झबलं आणखी दोन महिने जातं. शिवण बाहेरच्या बाजूला पाडा. बघणाऱ्याला उलटं वाटेल, पण दोरा आणि काठ बाळाच्या अंगाला घासत नाहीत. बटणं लावू नका, ती तुटून तोंडात जातात. बंद लावा, पण गळ्याशी नको, छातीवर, आणि गाठ मारण्यापुरतेच लांब.

आता लोकरीचं काम. विणायला हातमाग लागतो, कातायला सवय लागते. पण लोकर थापून कापड करायला दोन हात आणि गरम पाणी एवढंच लागतं. पूर्वी पिंजारी लोक बसायला अशा थापलेल्या लोकरीची जाड चटई करत. कुठं तिला जेन म्हणतात, कुठं बुरणूस. तिची युक्ती साधी आहे. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम साबणपाण्यानं ते उघडतात, आणि चोळलं की एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. कढत पाण्यात धुतलेलं घोंगडं आखडून बसतं ते यामुळेच.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा म्हाताऱ्या मेंढीची लोकर घेतली होती. दुपारभर चोळून हातांना फोड आले, आणि उन्हात धरलं तर आरपार दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "चाळण बरी झाली, पीठ चाळायला घे." राठ केसाळ लोकर नीट जमत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. जावळ जमतं.

बाळाचे लोकरीचे बूट करायचे तर पाऊल मोजा. पाऊल १२ सेंटिमीटर असेल तर साचा १९ चा हवा, कारण लोकर तिसऱ्या हिश्श्यानं आटते. साचा म्हणजे दुधाच्या जाड पिशवीचा, बुटाच्या आकाराचा तुकडा. खताच्या पोत्याचं प्लास्टिक घेऊ नका. साच्यावर लोकरीचा पातळ थर उभा पसरा, त्यावर दुसरा आडवा, मग पुन्हा उभा, पुन्हा आडवा. कडेला दोन बोटं लोकर जास्त ठेवून ती उलट बाजूला दुमडा आणि त्या बाजूवरही तसेच चार थर द्या. वरून शेडनेटचा स्वच्छ तुकडा अंथरा. कपड्याचा वडीचा साबण किसून हाताला सोसेल इतक्या कढत पाण्यात विरघळवा, ते पाणी शिंपडा आणि तळहातानं आधी नुसतं दाबा. लगेच रगडायला लागलात तर थर सरकतात. हवा निघून लोकर चपटी झाली की हळूहळू गोल गोल चोळा. पाणी निवलं की पिळून टाका, पुन्हा कढत घाला. अर्ध्या पाऊण तासानं चिमटीत धरून बघा. चिमटीत नुसते केस आले तर अजून चोळा, सगळं कापड उचललं गेलं तर जमलं. मग घोट्याकडची कड कापून आतलं प्लास्टिक काढा, बूट हातात घालून आतून चोळा, गोणपाटात गुंडाळून लाटण्यासारखा फिरवा. तो डोळ्यांदेखत लहान होत जातो. पाऊल बसेल एवढा झाला की थांबा, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि आत चिंधी कोंबून सावलीत वाळवा. बाळ उभं राहायला लागलं असेल तर तळाला जाड कॅनव्हासचा तुकडा शिवा, नाहीतर शहाबादी फरशीवर पाय घसरतो. बुटाच्या आतही सुती मोजा हवाच.

याच रीतीनं थापलेला ३० बाय २५ सेंटिमीटरचा पातळ तुकडा कुंचीच्या डोक्यामागच्या आणि पाठीच्या भागात घाला, सुती कापडाच्या दोन पदरांच्या मध्ये, आणि गोधडीसारखा धावदोरा मारा. वारा अडतो, टोचत नाही. घोंगड्याचा तुकडा वापरणार असाल तर आधी त्यातली चिंचोक्याची खळ धुऊन काढा, ती कडक असते.

उरलेल्या लोकरीचा चेंडू करा. लोकर घट्ट गुंडाळा, साबणपाणी लावा आणि लाडू वळतो तशी वळत राहा. चेंडू मोठ्या माणसाच्या मुठीएवढा असावा, सुपारीएवढा कधीही करू नये, तो घशात बसतो. डोळे म्हणून मणी, शेपटी म्हणून घुंगरू असलं काही लावू नका. काळी, पांढरी, तपकिरी हे लोकरीचे मूळचे रंग बाळाला पुरतात. पिवळा हवाच असेल तर तुरटी घालून डाळिंबाच्या सालीत उकळा आणि तसंच निवू द्या. कोणत्या कामाची पूड आहे ते ठाऊक नसलेला बाजारी रंग नको, कारण बाळ सगळं चोखतं.

ऊब किती द्यायची हेही बघावं लागतं. पोट गरम आणि तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. मानेमागं घाम, तर कपडे जास्त झाले. घरात झोपवताना कुंची काढा, तोंड झाकू नका, एक वर्षाच्या आतल्या बाळावर जड घोंगडं टाकू नका आणि झोपेत चेंडू, बाहुली, उशी जवळ ठेवू नका. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला लोकरीनं भागत नाही. त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं असतं, वरून कपडे आणि घोंगडं दोघांवर. कसं धरायचं ते आशाताईकडून समजून घ्या. पाय गारच राहिले, बाळ पीत नसेल, मलूल दिसत असेल, तर शेकत बसू नका, दवाखान्यात न्या.

लोकरीचे हे कपडे रोज धुवायचे नसतात. आतलं झबलं रोज धुवा, लोकर उन्हाच्या कडेला वाऱ्यावर टाका. धुवायची वेळ आली तर गार पाणी, थोडा रिठा, आणि न पिळता फडक्यात दाबायचं. थंडी सरली की पूर्ण वाळवून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात, सुती पिशवीत बांधून ठेवा. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत घालू नका, त्यांची वाफ लहान बाळाला बाधते. कसर पाला जुमानत नसेल तर मेमध्ये पिशवी एक दिवस पत्र्यावर कडक उन्हात टाका, आणि पुढच्या दिवाळीला काढाल तेव्हा बाळाचं पाऊल पुन्हा मोजा.