ताप गेला, थकवा राहिला

श्रोतेहो, ताप उतरला की आपण म्हणतो, सुटलो बुवा एकदाचे! पण काही माणसांचा ताप जातो आणि थकवा मात्र मुक्काम ठोकून बसतो. महिने जातात, कधी वर्षेही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडलेलेच. चार पाने वाचली की डोके चालेनासे होते. आज जरा जास्त कष्ट केले, तर उद्या-परवा माणूस अंथरूण धरतो. हीच या दुखण्याची मुख्य खूण.

1955 साली लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात अशी साथ आली. 292 कर्मचारी आजारी पडले. इस्पितळ जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. पुढे 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी टिपणे चाळली आणि निवाडा दिला, हा सामुदायिक उन्माद! एक कारण असे की, रुग्णांत बायका पुष्कळ. आता काय म्हणावे याला?

खरा उजेड पडला तो ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावी. भोवताली शेती, गुरे, मेंढ्या. तेथे 253 तापकऱ्यांवर डॉक्टरांनी वर्षभर नजर ठेवली. ताप तीन प्रकारचे. एक ग्रंथिज्वर. दुसरा रॉस रिव्हर ताप. हा डासांमुळे होतो, आणि त्याचा विषाणू आपल्या चिकुनगुन्याच्या विषाणूचा भाऊबंद. तिसरा क्यू-ताप, गुराढोरांपासून येणारा. तो मात्र विषाणूचा नव्हे, जिवाणूचा. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनंतरही 12 टक्के लोक थकलेलेच होते, आणि तिन्ही तापांत प्रमाण जवळजवळ सारखे. कोण खितपत पडले? ज्यांचा मूळचा ताप जबर होता ते. माणसाच्या स्वभावाशी त्याचा फारसा संबंध दिसला नाही.

हे वाचले तेव्हा मला माझा एक विद्यार्थी आठवला. तापातून उठल्यावर तो वर्गात मान टाकून बसे. मी त्याला सर्वांदेखत 'आळशी' म्हटले होते.

आता आतड्याकडे येऊ. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि बहुतेक आपल्या उपयोगाचे. त्यांतले काही, आपण खाल्लेल्या भाजीपाल्याच्या, धान्याच्या कोंड्याच्या चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराचे ते अन्नच म्हणा ना. 2023 मध्ये अमेरिकेत दोन संशोधने प्रसिद्ध झाली. दोन्हींत आढळले की या थकलेल्या रुग्णांत नेमके हेच जिवाणू कमी असतात. पण घाई नको, बरे का! जिवाणू घटले म्हणून थकवा आला, की दुखण्यामुळे जिवाणू घटले, हे अजून ठरायचे आहे. ताक जरूर प्यावे. मात्र या रोगावर ते औषध म्हणून सिद्ध झालेले नाही.

खात्रीचे औषध आज कोणतेच नाही. 'हिंडफीर म्हणजे बरे वाटेल' हा सल्ला मात्र अंगाशी येऊ शकतो. रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत नेण्याचा जुना उपचार ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये मार्गदर्शनातून काढून टाकला. तेव्हा गुरुजी, तापातून उठलेले पोर कवायतीला उभे राहिना, तर त्याला सावलीत बसू द्या. आणि आठवडे लोटले तरी तसेच राहिले, तर आईबापांना डॉक्टरकडे पाठवा.