पन्हा आणि मात्रा



आरोग्यविषयक व्याख्यानासाठी एखाद्या वैद्याऐवजी माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्यास आपण उभे केलेत, हा आपला स्नेह. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. परंतु २००९ साली माझ्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घ्यावे लागले. त्या वेळी जो हिशेब मला उमगला, तो आपल्यापुढे मांडतो.

मानेच्या मागील भागातील ग्रंथींना किरणांची मात्रा द्यावयाची होती. परंतु आत, जवळच, मज्जारज्जू. अशा जागी इलेक्ट्रॉनचे किरण उपयोगी पडतात, कारण ते फार खोल जात नाहीत. ९ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असेल, तर सुमारे ३ सेंटिमीटर खोलीवर ८० टक्के मात्रा उरते आणि साडेचार सेंटिमीटरच्या पुढे ती जवळजवळ संपते. (आज पुष्कळ रुग्णालयांत मानेसाठी अन्य पद्धती वापरतात, हे सांगितले पाहिजे.) किरण नेमक्या जागीच पडावेत म्हणून शिसे, बिस्मथ, कथील व कॅडमियम यांच्या मिश्रधातूचा जाड साचा ओततात आणि त्यात रुग्णाच्या गरजेनुसार छिद्र ठेवतात. अण्णांचे छिद्र उभट, वर कानापाशी वळलेले आणि खाली खांद्याकडे तिरपे होते.

साचा तयार झाला, तरी त्या दिवशी उपचार झाला नाही. मोजणी व्हावयाची आहे, उद्या या, असे सांगण्यात आले. माझा तोल गेला. अण्णांना घोटभर पाणी गिळवत नव्हते. त्यांना घेऊन ताटकळलेल्या माणसास मोजणीचे काय कौतुक? मी आवाज चढवला. तेथील भौतिकशास्त्रज्ञ माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, यंत्राच्या नोंदी चौकोनांच्या आहेत. अण्णांचा आकार चौकोनी नाही."

मी व्यापाऱ्याचा हिशेब पुढे केला. छिद्र ढोबळमानाने ४ बाय ९, म्हणजे ३६ चौरस सेंटिमीटर. ६ बाय ६ चा चौकोनही तेवढाच. मग तोच दर लावा!

त्यांनी कागद ओढला. इलेक्ट्रॉन शरीरात सरळ जात नाहीत, आजूबाजूला विखुरतात. मध्यबिंदूपासून जितके बाहेर जातात, तितकेच शेजारून आत येतात, तेव्हा मात्रा पूर्ण भरते. ९ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टसाठी त्याकरिता चोहोबाजूंनी सुमारे २.६ सेंटिमीटर जागा लागते. सहाच्या चौकोनात कडा ३ सेंटिमीटर दूर असते. आमच्या पट्ट्यात दोन बाजूंना केवळ २. त्यामुळे तेथे मात्रा घटते आणि तिचा जोरही त्वचेकडे सरकतो. मी मनात म्हटले, पन्हाच अपुरा असेल, तर लांबी कितीही असो, सदरा बेतता येत नाही. हे मला त्यांच्याआधी कळावयास हवे होते!

आयताकृती छिद्रासाठी एक सोपी रीत आहे: दोन्ही बाजूंच्या चौकोनांचे गुणक गुणावेत आणि वर्गमूळ काढावे. समजा, ४ च्या चौकोनाचा गुणक ०.९० व ९ च्या चौकोनाचा १.०० आहे, तर उत्तर सुमारे ०.९५. प्रमाणित क्षेत्रासाठी २०० मॉनिटर युनिट लागत असतील, तर येथे २११ लागतील. २०० च दिली, तर दररोज पाच टक्के कमी. आंतरराष्ट्रीय किरण-मापन आयोगाने १९७६ साली एकंदर अचूकतेची मर्यादाच पाच टक्के सुचवली होती. ती एवढ्याच चुकीत संपून जाते, आणि रुग्णास काही जाणवतही नाही.

परंतु वेड्यावाकड्या छिद्रास ही रीतही पुरत नाही. तेथे मध्यबिंदूपासून कडेपर्यंत, दर १० अंशांवर एक, अशा ३६ त्रिज्या काढतात. प्रत्येक पाकळीचा वाटा निराळा धरून सरासरी घेतात. ही विभागणी क्लार्कसन यांनी १९४१ मध्ये क्ष-किरणांसाठी वापरली होती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे फैझ खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अनियमित इलेक्ट्रॉन क्षेत्रांसाठी तिचा पाया बांधून दिला. अण्णांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. खांदा आड येत असल्याने यंत्राची चौकट नेहमीच्या अंतरापर्यंत आणता येत नव्हती. अंतर वाढले की मात्रा घटते, आणि लहान छिद्रात ती साध्या वर्गाच्या नियमापेक्षाही अधिक घटते. म्हणून त्यांना गणितावर विसंबावयाचे नव्हते. तोच साचा लावून, तेवढेच अंतर ठेवून, लहान मापकाने प्रत्यक्ष मोजावयाचे होते.

त्या सायंकाळी रुग्ण संपल्यावर त्या मोजणीस बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा उपचार झाला. मी त्यांची क्षमा मागितली. त्या हसल्या आणि पुढच्या रुग्णाचा कागद घेऊन निघून गेल्या.

अखेरच्या दिवशी तो साचा आठवण म्हणून घरी न्यावा, असे माझ्या मनात आले. त्यांनी नकार दिला. त्यात शिसे आणि कॅडमियम असते, घरात ठेवण्याची ती वस्तू नव्हे. शिवाय सत्तर अंशांवर तो धातू वितळतो, आणि त्यातूनच दुसऱ्या कोणाचा साचा ओतावयाचा होता.